कै बिड्री

उद्यमबागेत तीस वर्षं
मी भेगा शोधतोय.
अंधाऱ्या खोलीत, जांभळ्या दिव्याखाली
जॉब फिरवायचा हळूहळू,
केसाएवढी चीर असली तरी
हिरवी पेटते, काजव्यासारखी.
मग लाल रंग. मग भंगार.
बायको म्हणते, ताटसुद्धा तुम्ही
उजेडाकडं धरून बघताय.

आणि आता हे.
गोकाकच्या पुढं, घटप्रभेच्या तांबूस कड्यावर
मी पाठमोरा उभा,
कमरेला पट्टे, मांड्यांना पट्टे,
खाली नव्वद फूट, आणि
बोटाएवढी आमच्या शॉपची माणसं.
पहिल्यांदा उतरून गेलेला रवळू हलगेकर
खालनं ओरडतोय,
"ये की गा मर्दा! काय होत न्हाई!"
त्याला काय, तो लेथवर असतो.
लेथवाल्यांना लोखंडाची खात्री असते.

दोर सांभाळणारी पोर, शिवगंगा,
बागलकोटकडची.
सकाळी तिनं प्रत्येक कडी
अंगठ्यानं उघडून, मिटून पाहिली.
मी बघत होतो. हात चांगला आहे.
पण अंगठ्याला आतली चीर कळत नाही, बाई,
हे तुला कसं सांगू?
माझी कन्नड शिफ्टपुरती:
ऊटा आतेन्री. नाळे बा. साकु.

"अंजब्याड्री काका," ती म्हणते,
"कै बिड्री."
हात सोडा.
धरलंय तरी काय मी?
काठावरचं बाभळीचं एक पोरगं झाड.
काटे तळव्यात रुतलेत.
बरे वाटतायत.

एका डिसेंबरातली गोष्ट. तिसरी पाळी, पहाटेचे चार.
गाडी भरून उभी, एकच जॉब उरलेला.
दिव्याखाली काहीतरी हिरवं हललं
किंवा माझे डोळे जळत होते.
सुपरवायझर दारात घड्याळ बघत.
मी शिक्का मारला.
तो जॉब कुठं गेला, कुणाच्या ट्रकात,
कुठल्या घाटात,
ठाऊक नाही.
आजवर कुणाचा फोन आलेला नाही.
फोन न येण्याचा अर्थ
मला अजून लागलेला नाही.

बेंबीसमोर ही कडी.
तिच्यावर बारीक कोरलेला बॅच नंबर.
म्हणजे कुणीतरी होता.
कुठल्याशा गावात, अशाच अंधारात बसलेला.
त्या रात्री त्याची झोप झाली होती का?
घरी पोर तापलेलं होतं का?
गाडी भरून उभी होती का?
मी मनातच विचारलं,
मर्दा, नीट बघितलास न्हवं?

खालनं नदीचा आवाज तेवढा आला.

काटे एकेक सुटले.
पहिलं पाऊल कड्यावर आडवं पडलं
आणि तोंडातून जे निघालं
ते मराठी नव्हतं, कन्नडही नव्हतं,
आमच्या भट्टीचा पंखा बंद पडताना
तसा आवाज करतो.

मध्यावर पाय थरथरून थांबले.
नाक दगडाला लागलेलं,
म्हणून सवयीनं बघत बसलो.
भेगाच भेगा.
एकीत पाकोळीचं घरटं, एकीत वाळलं गवत,
एकीत माझी चारी बोटं जातील एवढी जागा,
आणि आत गार.
असला जॉब मी दारातच परत पाठवला असता.
बोटं घातली. दम घेतला.
वरनं शिवगंगा काही म्हणाली नाही,
दोर मात्र तिनं धरलेला जाणवत होता.

खाली रवळूनं तोंडात करदंटाचा तुकडा कोंबला.
चावता येईना. दात वाजत होते.
पट्टे सोडले, आणि ती कडी
उन्हाकडं धरून फिरवली, एकदा पुरी.
सगळे हसले.
मी पण, जरा उशिरानं.

सोमवारी पाळीला बसलो
तर तळव्यात मोडलेला काटा,
दिव्याखाली काळा, न पेटणारा.
राहू दिला.
पहिला जॉब हातात घेतला, फिरवला.
गाडी बाहेर भरून उभी होती.
आणखी एकदा फिरवला.